आंब्याच्या पानापासून प्रकाशकण

रत्नागिरीच्या आंब्याची कीर्ति साऱ्या जगांत पसरलेली आहे. २०१८ सालीं कोंकणच्या हापुसाला भौगोलिक निर्देशनाचें मानांकन मिळालें, आणि त्याच्या नांवाला कायद्याचेंहि संरक्षण लाभलें. परंतु हा सगळा मान फळाचा. पानाला कोण विचारतो? सणावारीं त्याचें तोरण दारावर चढतें आणि दोन दिवसांनीं सुकून केरांत जातें. बागेंत गळालेला पातेरा भाजावळीच्या किंवा खताच्या कामीं येतो, इतकेंच. अशा या पानापासून मुंबईंतील पवई येथील एका प्रयोगशाळेंत असे सूक्ष्म कण तयार करण्यांत आले, कीं जे जिवंत पेशींत शिरून तांबडा प्रकाश देतात व त्या पेशीच्या आंतील उष्णतेची वार्ताहि बाहेर आणतात. यासंबंधींचा निबंध २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. ही गोष्ट काय आहे, ती कशी घडते, आणि तिच्यावर कितपत भिस्त ठेवावी, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें असा आमचा विचार आहे.

शेवटची बाब आम्ही मुद्दाम घातली आहे. ज्या घरीं दीर्घ दुखणें असतें, त्या घरच्या माणसांच्या कानीं ‘आंब्याच्या पानांतील कणांनीं रोगट पेशी उजळतात’ अशी अर्धीच बातमी पडली, तर उद्यां त्या पानांचा काढा चुलीवर चढावयास वेळ लागणार नाहीं. म्हणून आरंभींच सांगून ठेवतों कीं, हे कण म्हणजे औषध नव्हे. तो एक दिवा आहे. दिव्यानें घर दिसतें. घराची डागडुजी दिवा करीत नाहीं.

आतां प्रथम प्रकाशाविषयीं. बँकेंत नोटा तपासण्याचा जांभळा दिवा पुष्कळांनीं पाहिला असेल. त्याखालीं नोट धरली कीं तिच्यावरील आंकडे व कागदांत विखुरलेले बारीक तंतु एकाएकीं चमकूं लागतात. त्या दिव्यांतून निघणारे किरण बहुतांशीं अतिनील, म्हणजे आपल्या डोळ्यांस न दिसणारे असतात. शाईंतील द्रव्य ते किरण शोषून घेतें आणि त्यांच्या बदली दिसणारा प्रकाश परत देतें. या गुणाला शास्त्रांत प्रतिदीप्ति असें म्हणतात. घेतलेल्या शक्तीपैकीं थोडी शक्ति उष्णतेच्या रूपानें आंतच खर्च होते; म्हणून परत मिळणारा प्रकाश घेतलेल्या प्रकाशाहून कमी शक्तीचा, म्हणजे इंद्रधनुष्याच्या तांबड्या टोकाकडे सरकलेला असतो. जांभळा घेऊन निळा द्यावा, निळा घेऊन हिरवा द्यावा, असा हा व्यवहार आहे. दिवा विझला कीं ही चमकहि तत्काळ विझते. काजव्याप्रमाणें स्वतःचा प्रकाश त्या द्रव्यापाशीं नसतो.

मौज अशी कीं, या गुणाच्या जुन्यांत जुन्या नोंदी वनस्पतींविषयींच्याच आहेत. १५६५ सालीं निकोलास मोनार्देस या स्पॅनिश वैद्यानें मेक्सिकोहून येणाऱ्या एका औषधी लांकडाचें पाणी निळसर दिसतें, असें लिहून ठेविलें. १८४५ सालीं जॉन हर्शेल यांनीं कोयनेलाच्या द्रावणाच्या पृष्ठभागावर एक सुंदर निळी झांक पाहिली. हें कोयनेल म्हणजे सिंकोना झाडाच्या सालीपासून निघणारें, हिवतापावरचें तेंच कडू औषध. पुढें १८५२ सालीं केंब्रिजचे जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनीं त्या निळाईचें खरें कारण शोधून काढलें व तिला आजचें इंग्रजी नांव दिलें. कोयनेलाचा हा संबंध वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें तो पुन्हां येणार आहे.

हिरव्या पानांचा असाच एक गुण डेव्हिड ब्रूस्टर यांस १८३३ च्या सुमारास दिसला, आणि तो येथें कोणासहि पाहतां येतो. पालकाचीं किंवा मेथीचीं चार ताजीं पानें खलांत वाटून, औषधाच्या दुकानांत मिळणाऱ्या स्पिरिटांत कांहीं वेळ भिजत ठेवावीं व तें पाणी फडक्यानें गाळून कांचेच्या पेल्यांत घ्यावें. खोलींत अंधार करून नोटा तपासण्याच्या लहान जांभळ्या विजेरीचा झोत त्यावर बाजूनें सोडावा. हिरवें पाणी रक्तासारखें तांबडें दिसूं लागेल! हा प्रताप हरितद्रव्याचा आहे. आंब्याचें पान चिवट असल्यामुळें त्याला अधिक वाटावें लागतें, पण परिणाम तोच. मुलांनीं हा प्रयोग वडील माणसांच्या देखत करावा. स्पिरिट झटकन पेट घेतें म्हणून जवळ दिवा अथवा चूल नसावी, आणि विजेरीच्या झोताकडे सरळ पाहूं नये.

वाचक विचारतील कीं, पानांत तांबडा प्रकाश देणारें द्रव्य जर आधींच आहे, तर मग पवईच्या शास्त्रज्ञांनीं नवीन तें काय केलें? प्रश्न योग्य आहे, किंबहुना या साऱ्या विषयाची मेख त्यांतच आहे. परंतु त्याचें उत्तर देण्यापूर्वीं, पेशींत दिवा लावण्याची गरज कां पडते हें पाहिलें पाहिजे.

आठवी-नववींतील विद्यार्थी कांद्याचा पापुद्रा कांचेवर पसरून, त्यावर आयोडिनाचा थेंब सोडून, सूक्ष्मदर्शकांतून पाहतात. तो थेंब कशासाठीं? कारण पेशी ही जवळजवळ पारदर्शक असते. पाण्यांत कांच ठेवली तर दिसत नाहीं, तसेंच तिचें आहे. रंग दिला कीं पेशीचें केंद्रक व भिंती उठून दिसतात. पण हे रंग बहुधा पेशीला मारून तरी टाकतात किंवा मेलेल्या पेशींवरच नीट बसतात. मेलेल्या पेशीवरून तिची रचना कळते. ती चालतांना काय करीत होती हें कळत नाहीं. बंद पडलेल्या घड्याळाचीं चाकें मोजतां येतात, पण वेळ समजत नाहीं. औषध पेशींत केव्हां शिरलें, कोठें गेलें, विषारी धातु आंत किती सांठला, हें जिवंतपणींच पाहावयाचें तर जिवंत पेशीला न दुखवितां तिच्यांत प्रकाश नेला पाहिजे.

याकरितां दोन मोठे मार्ग निघाले. १९६२ सालीं ओसामु शिमोमुरा यांनीं एका समुद्री प्राण्यापासून, म्हणजे किनाऱ्यावर आपणांस कधीं कधीं दिसतो तशा जेलीफिशच्या एका जातीपासून, हिरवी चमक देणारें प्रथिन वेगळें केलें. पुढें त्या प्रथिनाचें जनुक इतर प्राण्यांच्या पेशींत घालण्याची युक्ति साधली, आणि २००८ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक शिमोमुरा, मार्टिन चॅल्फी व रॉजर त्सिएन या तिघांस मिळालें. दुसरा मार्ग क्वांटम बिंदूंचा. अर्धवाहक पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक केले म्हणजे त्यांचा रंग त्यांच्या आकारावर अवलंबून राहतो. मोठा कण तांबडा, लहान कण निळा. या शोधाबद्दल २०२३ चें नोबेल पारितोषिक एकिमोव्ह, ब्रुस व बावेंडी यांस देण्यांत आलें. हे बिंदु फार तेजस्वी असतात; परंतु त्यांपैकीं पुष्कळांत कॅडमियम ही धातु असते. कॅडमियमचें विष काय करतें तें जपानांतील जिन्त्सु नदीच्या कांठच्या लोकांनीं भोगलें आहे. खाणींतून आलेलें तें विष पाण्यावाटे भातांत शिरलें, आणि तो भात वर्षानुवर्षें खाणाऱ्यांचीं हाडें ठिसूळ होऊन त्यांना असह्य वेदना झाल्या. १९६८ सालीं तेथील सरकारनें त्या रोगाचें कारण कॅडमियम असल्याचें मान्य केलें. तेव्हां असा दिवा जिवंत शरीरांत न्यावा कीं नाहीं, ही शंका रास्तच होय.

विष नसलेला दिवा कशाचा करावा? कोळशाचा, असें उत्तर एका अकल्पित घटनेंतून मिळालें. अमेरिकेंतील दक्षिण कॅरोलायना विद्यापीठांत कार्बनाच्या सूक्ष्म नळ्या शुद्ध करण्याचें काम चाललें होतें. विजेच्या ठिणगींतून बनलेल्या त्या काजळींतील अशुद्ध भाग वेगळा काढतांना तो चमकत असल्याचें दिसलें. हें वृत्त २००४ सालीं प्रसिद्ध झालें. दोन वर्षांनीं त्याच प्रांतांतील क्लेमसन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं असे चमकदार कण हेतुपुरस्सर तयार करून त्यांस कार्बन बिंदु हें नांव दिलें. २००७ सालीं तर मेणबत्तीची काजळी तीव्र आम्लांत शिजवून त्यांतूनहि असे कण काढण्यांत आले. आमच्या आजीच्या पिढीनें दिव्यावर पालथी वाटी धरून काजळ पाडलें. त्या काजळाच्या गोत्रांत असें रत्न लपलेलें असेल हें कोणाच्या स्वप्नींहि आलें नसेल.

या कणांचा आकार मनांत आणणें कठीण आहे. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. कार्बन बिंदु सामान्यतः १० नॅनोमीटरहून लहान असतो. प्राण्याची लहानशी पेशी १०,००० नॅनोमीटर रुंद धरूं. ती पेशी फुगून शाळेच्या १० मीटर लांबीच्या दालनाएवढी झाली अशी कल्पना केली, तर त्या प्रमाणांत ५ नॅनोमीटरचा कण म्हणजे त्या दालनांत पडलेला मुगाचा दाणा होय. असे हजारों दाणे आंत शिरले तरी दालनांतील व्यवहारास अडथळा होऊं नये, हीच येथें अपेक्षा असते. पेशी त्यांना आपण होऊन आंत घेते. तिचें आवरण आंत वळून पिशवीसारखें होतें, आणि बाहेरचा थेंब कणांसकट त्या पिशवींतून आंत जातो.

कार्बन हवा, तर तो झाडापानांत वाटेल तितका आहे. साखर, पिष्ट, तंतु, फळांतील आम्लें, सगळ्यांचा सांगाडा कार्बनाचाच. पाक करतांना आंच जास्त झाली कीं साखर प्रथम पिवळी, मग तपकिरी, शेवटीं काळी होते, हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. साखरेंतून पाण्याचा अंश निघून जातो, उरलेले रेणु एकमेकांना चिकटतात आणि कार्बनाचे गोळे बनूं लागतात. हीच क्रिया बंद भांड्यांत, पाण्याच्या दाबाखालीं, मोजक्या आंचेवर केली आणि पूर्ण कोळसा होण्याच्या आधीं थांबविली, म्हणजे कार्बन बिंदु मिळतात. कण पाण्यांत विरघळल्यासारखे राहतात, कारण त्यांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त रेणुसमूह उरलेले असतात. हे समूह पुढें मापनाच्या कामीं येतात. २०१२ सालीं ओरिसांतील राउरकेला येथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेंतील सस्मिता महापात्र व त्यांचे सहकारी यांनीं संत्र्याच्या रसापासून १२० अंश उष्णतेवर असे कण केले. १२० अंश म्हणजे आपल्या घरच्या कुकरांतील उष्णतेच्या आसपास. म्हणून कोणी कुकर घेऊन बसूं नये. शिजविणें हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे, पुढील गाळण व तपासणी यांतच शास्त्र आहे.

आमच्या महाराष्ट्रांत या विद्येचा एक आरंभ ठाणें जिल्ह्यांतील अंबरनाथ येथें झाला. तेथील एका महाविद्यालयाशीं संलग्न असलेल्या नॅनोतंत्र संशोधन केंद्रांत माधुरी शरॉन, अश्मी मेवाडा प्रभृतींनीं शिंगाड्याच्या सालीचा पाण्यांत अर्क काढून, ऑक्सिडीकारक द्रव्य बाहेरून न घालतां, त्यापासून हिरवा प्रकाश देणारे कण मिळविले व त्यांचा निबंध २०१३ सालीं प्रसिद्ध केला. उपासाच्या दिवशीं शिंगाड्याचें पीठ आपण घेतों, साल टाकून देतों. त्या सालीचा हा उपयोग! फळाचा आंबा मात्र आपल्या आधीं दूरच्यांनीं उचलला. दक्षिण कोरियांतील शास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं आंब्याच्या फळापासून कार्बनाचे चमकदार कण केले. हापूस खावयाचा सोडून त्याचा कोळसा करावा, हें रत्नागिरीकरास कसेंसेंच वाटेल. म्हणूनच पानाची निवड आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते.

ती निवड पवईच्या आयआयटींतील मुकेश कुमार कुमावत, प्राध्यापक रोहित श्रीवास्तव व त्यांचे सहकारी यांनीं केली. आंब्याच्या पानांचा अर्क काढून त्याला त्यांनीं मायक्रोवेव्हची आंच दिली. या आंचेनें द्रव एकदम सर्वत्र तापतो, म्हणून कामास थोडा वेळ पुरतो. जे कण मिळाले त्यांस ते ग्राफीनचे क्वांटम बिंदु म्हणतात. ग्राफीन म्हणजे शिसपेन्सिलींतील द्रव्याचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा; त्या पापुद्र्याचे हे अतिलहान तुकडे समजावे. त्यांचा विशेष असा कीं, पुष्कळ कार्बन बिंदु निळा वा हिरवा प्रकाश देतात, हे मात्र गडद तांबडा व त्याही पलीकडचा, अवरक्ताला लागून असलेला प्रकाश देतात.

तांबड्याचें एवढें महत्त्व कां? अंधारांत विजेरीवर तळहात ठेवून पाहावा. बोटांच्या कडा लालभडक दिसतात; हिरवा-निळा प्रकाश रक्तांतच अडून राहतो, तांबडा पार होतो. शिवाय निळा प्रकाश पडला कीं पेशींतील स्वतःचीं कांहीं द्रव्येंहि मंद निळी-हिरवी चमक देऊं लागतात, आणि त्या गर्दींत आपला दिवा ओळखूं येत नाहीं. तांबड्या भागांत ही गर्दी फार थोडी. म्हणून शरीराच्या आंत पाहूं इच्छिणारा प्रत्येक शास्त्रज्ञ तांबड्या दिव्याच्या शोधांत असतो.

पवईच्या मंडळींनीं हे कण उंदराच्या त्वचेखालील तंतुजनक पेशींत सोडले. पेशी मेल्या नाहींत आणि सूक्ष्मदर्शकाखालीं तांबड्या उजळून दिसल्या. पुढची गोष्ट अधिक नवलाची. उष्णता वाढविली कीं या कणांचा प्रकाश मंद होतो आणि थंड केलें कीं पुन्हां वाढतो. कारण असें कीं, उष्णतेबरोबर रेणूंची धडपड वाढते, आणि घेतलेली प्रकाशशक्ति परत देण्याऐवजीं त्या धडपडींतच खर्च होऊन जाते. म्हणजे प्रकाशाच्या कमी-अधिकपणावरून उष्णता कळूं शकते. ज्वर पाहण्यास आपण कांखेंत तापमापक लावतों. पण एका पेशीच्या कांखेंत लावण्यास पारा कोठून आणावा? तें काम आंब्याच्या पानापासून झालेल्या कणानें केलें. कर्करोगाच्या कांहीं उपचारांत गांठीला मुद्दाम उष्णता देतात. अशा वेळीं ती उष्णता प्रत्यक्ष पेशींत किती पोंचली हें कळण्याची वाट यांतून पुढें निघूं शकते. ती अजून निघाली आहे असें मात्र नव्हे.

त्याच वर्षीं, २०१७ सालीं, याच गटानें द्राक्षांच्या बियांच्या अर्कापासून केलेल्या कणांचाहि निबंध प्रसिद्ध केला. हे कण ६ ते ८ तासांत पेशीच्या केंद्रकापर्यंत जाऊन पोंचतात, कोणी वाट दाखवावी लागत नाहीं. आणि भोंवतालचा द्रव आम्ल आहे कीं अल्कली आहे त्याप्रमाणें त्यांचा प्रकाश बदलतो. तिकडे धनबाद येथील शास्त्रज्ञांनीं तुळशीच्या पानांपासून केलेले कण शिशाची चाहूल देतात असें त्याच सालीं दाखविलें. शिसें हें मुलांच्या मेंदूचा शत्रु आहे, म्हणून ही गोष्ट पालकांनीं समजून घ्यावी. कणाच्या पृष्ठभागावर जे ऑक्सिजनयुक्त समूह आहेत, त्यांना शिशाचे अणु येऊन चिकटतात आणि कणानें घेतलेली शक्ति बाहेर पडण्यापूर्वींच ओढून घेतात. प्रकाश मंदावतो. आधीं ठाऊक असलेल्या प्रमाणांत शिसें घालून प्रकाश किती कमी होतो याचा आलेख काढून ठेवला, तर अज्ञात पाण्यांतील शिसें त्या आलेखावरून वाचतां येतें. गणिताच्या तासाला आलेख कशासाठीं काढावयाचे असें विचारणाऱ्या मुलांनीं हें अवश्य वाचावें.

येथवर चांगली बाजू झाली. आतां शंका. शिशाप्रमाणें लोखंडानेंहि पुष्कळ कार्बन बिंदूंचा प्रकाश मंदावतो. आमचा जांभा दगड लोहानें भरलेला. तेव्हां येथील विहिरीच्या पाण्यांत एखादा कण विझला, तर तो शिशानें विझला कीं लोखंडानें? याकरितां प्रामाणिक संशोधक एकाच धातूवर न थांबतां इतर अनेक धातु एकेक घालून पाहतो, आणि मगच आपला कण कोणाला ओळखतो तें सांगतो.

दुसरी शंका ती मघांची: प्रकाश देतें कोण? हरितद्रव्याचा तांबडा प्रकाश आणि पानांपासून केलेल्या तांबड्या कणांचा प्रकाश हे वर्णपटांत जवळजवळ एकाच जागीं, सुमारें ६८० नॅनोमीटर तरंगलांबीपाशीं येतात. मग कण म्हणून ज्याचा गौरव चालला आहे तें भाजण्यांतून वांचलेलें हरितद्रव्य, किंवा कार्बनाच्या कणाला चिकटून राहिलेले त्याचे अवशेष तर नव्हेत? हा आक्षेप केवळ पवईच्या कणांवर नाहीं; हिरव्या पानांपासून तांबडे कण केल्याचें सांगणाऱ्या प्रत्येकास त्याचें उत्तर द्यावें लागतें. त्यासाठीं तयार द्रव अतिसूक्ष्म छिद्रांच्या पिशवींत भरून पाण्यांत दीर्घकाळ टांगतात. लहान रेणु छिद्रांतून बाहेर जातात, कण आंत राहतात. बाहेरच्या पाण्यांत चमक आढळली तर चमकणारें तें द्रव्य लहान रेणूंचें. आंतच राहिली तर तिचा धनी बहुधा कण. ‘बहुधा’ म्हणण्याचें कारण, एखादा रेणु कणाला घट्ट चिकटून बसला तर तो पिशवींतून सुटणार नाहीं. संत्र्यांत व लिंबांत असणाऱ्या सायट्रिक आम्लापासून केलेल्या निळ्या कणांतहि अशा चमकदार लहान रेणूंचा मोठा वांटा असतो, असें नंतरच्या तपासण्यांत आढळलें. यानें कणांचा उपयोग नाहींसा होत नाहीं, पण तेज कोणाचें हें ठरल्याखेरीज तें वाढवावें कसें तें कळत नाहीं.

तेज मोजण्याचें मापहि सांगितलें पाहिजे. शंभर प्रकाशकण घेतले तर परत किती दिले, असा हिशेब करतात. राउरकेल्याच्या संत्र्यापासून केलेल्या कणांचा हिशेब शेंकडा २६ होता. आणि हें मोजतांना तुलनेसाठीं समोर कोण ठेवतात? पुष्कळदां तेंच जुनें कोयनेल! सौम्य गंधकाम्लांतील त्याच्या द्रावणाचें प्रमाण शेंकडा ५४ धरतात, आणि नवीन निळ्या कणांची परीक्षा त्याच्या शेजारीं उभें करून होते. स्टोक्स यांच्या हातांतील पेला अजून प्रयोगशाळेंतून उतरलेला नाहीं.

तिसरी शंका पालकांनीं विशेष ऐकावी. ‘वनस्पतीचें आहे, म्हणजे निरुपद्रवी’ अशी एक समजूत सर्वत्र आढळते. कोंकणांत राहून अशी समजूत कशी टिकते याचें आम्हांस नवल वाटतें. काजूच्या टरफलाचें तेल कातडी जाळतें. आंब्याच्या देंठाचा चीक ओठांवर फोड आणतो. धोत्र्याच्या बिया कोणी खाव्या असें कोण म्हणेल? हीं सर्व वनस्पतींचींच देणगी. कण कार्बनाचा असला, तरी तो कोणत्या पानापासून, किती आंचेवर केला, त्याबरोबर दुसरें काय उरलें, यावर त्याचा गुणदोष ठरतो. म्हणून पेशींना निरनिराळ्या मात्रेंत कण देऊन चोवीस तासांनीं किती जिवंत आहेत तें पाहतात. या परीक्षेंत एक पिवळें द्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याचें जांभळें करते, मेलेली करीत नाहीं. जांभळा रंग जितका गडद, तितक्या अधिक पेशी जिवंत. ही परीक्षा उतरली तरी ती बशींतील पेशींपुरती असते. बशीला यकृत नसतें, मूत्रपिंडें नसतात, रक्त वाहत नसतें. शरीरांत गेलेला कण किती दिवसांनीं व कोणत्या वाटेनें बाहेर पडतो, हा प्रश्न वेगळाच आहे. वनस्पतींपासून केलेले हे कण आज कोणत्याहि रुग्णालयांत रोगावरील उपाय म्हणून दिले जात नाहींत. तेव्हां असा उपाय विकावयास कोणी दारीं आला, तर त्याला रिकाम्या हातानें परत पाठवावें, आणि दुखणाइताला डॉक्टरकडे न्यावें.

राहतां राहिली एक अडचण, आणि ती मात्र अशी आहे कीं तिच्यांत रत्नागिरीच्या मुलांस प्रयोगशाळेवांचूनहि कांहीं पाहतां येईल. कारखान्यांतली साखर बारा महिने एकच असते. झाडाचें पान तसें नसतें. पाऊस सरल्यावर आंब्याला येणारी पालवी तांबूस, मऊ व लोंबती असते. कांहीं आठवड्यांनीं तीच हिरवी व चिवट होते. पुढें जून होऊन पिवळी पडते. प्रत्येक अवस्थेंत हरितद्रव्य, साखर व रंगद्रव्यें यांचें प्रमाण निराळें. मग ऑक्टोबरांत तोडलेल्या पानाचे कण आणि मे महिन्यांतील पानाचे कण सारखे कसे निघावे? अशा पदार्थाचें माप सर्वत्र एकसारखें राखणें कठीण जातें, याचें एक कारण हेंच. वर सांगितलेला स्पिरिटाचा प्रयोग एकाच झाडाच्या तांबूस, हिरव्या व पिवळ्या पानांवर, प्रत्येक वेळीं सारख्याच वजनाचीं पानें व सारखेंच स्पिरिट घेऊन करून पाहावा. तांबडी चमक कोणत्यांत अधिक, कोणत्यांत कमी, तें झाडाचें ठिकाण व तारीख यांसह वहींत उतरून ठेवावें. ज्यांच्या घरीं जांभळी विजेरी नसेल, त्यांनीं पानें घेऊन शनिवारीं शाळा सुटल्यावर आमच्याकडे विज्ञानाच्या खोलींत यावें.